बोंजूर म्हणावं की हॅलो?

आपल्या सीमाभागात दारात पाहुणा आला, की 'या' म्हणायचं की 'बर्री', हे आपण क्षणात ओळखतो. कॅनडाच्या सीमेवर मात्र भाषा ठरवायची ती पाहुण्यानं. आपल्याकडचे कितीतरी आई-बाबा हल्ली मुलांकडे टोरांटो, मॉन्ट्रियलला जातात, म्हणून आज हा विषय घेतला.

कॅनडात १९६९ साली राजभाषा कायदा झाला आणि केंद्राच्या कारभारात इंग्रजी व फ्रेंचला समान दर्जा मिळाला. सीमा अधिकारी केंद्राचा नोकर. त्यामुळे मोठ्या विमानतळांवर त्यानं 'हॅलो, बोंजूर' असं दोन्ही भाषांत स्वागत करायचं असतं. प्रवाशानं मागायची वाट न पाहता पर्याय पुढे ठेवायचा, असा नियमच आहे. तुम्ही ज्या भाषेत उत्तर द्याल, त्या भाषेत पुढचे प्रश्न.

क्वेबेक प्रांतात १९७४ पासून राजभाषा एकटी फ्रेंच. दुकानांत ग्राहकाचं स्वागत 'बोंजूर'नं करावं, असा ठराव तिथल्या विधानसभेनं २०१७ साली एकमतानं केला. पण मॉन्ट्रियल विमानतळावरचा सीमा अधिकारी प्रांताचा नव्हे, केंद्राचा. तिथंही इंग्रजी बोलायचा तुमचा हक्क शाबूत असतो. आपल्या राज्यघटनेचं ३५० वं कलमही तक्रारअर्ज राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत द्यायची मुभा देतं. पण ते अर्जापुरतं, खिडकीवरच्या बोलण्याचं नाही.

मग निवडायचं काय? माझं मत सरळ आहे. समोरच्याला खूश करण्यासाठी भाषा निवडू नये. जिच्यात खरं आणि नेमकं उत्तर देता येईल, ती निवडावी. कौतुकानं 'बोंजूर' म्हणालात आणि त्यानं फ्रेंचमध्येच विचारलं, किती दिवस राहणार, बॅगेत खायचं काय आहे, तर? तिथं खाद्यपदार्थ जाहीर करावेच लागतात. लोणचं, चटणी, आपला कुंदासुद्धा. न सांगितल्यास दंड होऊ शकतो.

इंग्रजीही अडत असेल तर तसं आधीच सांगावं. न समजता 'यस, यस' म्हणू नये. मुलाचा पत्ता, फोन आणि परतीचं तिकीट कागदावर हाताशी ठेवावं. आणि शिक्का मिळाल्यावर खुशाल 'मेर्सी' म्हणावं. तेवढं फ्रेंच पुरतं.