विमान पडते, दोष असतो जमिनीत

आकाशात विमान सुरळीत चालले आहे, खाली नद्या आणि डोंगर सरकत आहेत, आणि एकाएकी सारे नाहीसे होते. पडद्यावर उरते ते संगणकाचे नेहमीचे मुखपृष्ठ. ना सूचना, ना कारण. ज्या घरात फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे संगणकावर आभासी विमान चालविण्याचा प्रोग्रॅम, पोहोचला आहे, तेथील मुलांना हा अनुभव नवा नाही. वडीलधाऱ्यांना ती खेळातली क्षुल्लक कटकट वाटते. ती नेहमीच क्षुल्लक नसते, हे मला गेल्या वर्षी इंदूरला, माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी, कळून आले.

भाचा सतरा वर्षांचा. वैमानिक व्हावयाचे त्याच्या मनाने घेतले आहे. त्याचा सिम्युलेटर चार महिने उत्तम चालला आणि मग दर दहा-पंधरा मिनिटांनी बंद पडू लागला. दुरुस्तीच्या दुकानात सांगण्यात आले की, ग्राफिक्स कार्डच बदलावे लागेल. किंमत ऐकून मेहुणे गप्प झाले. भाच्याने मला एकीकडे घेऊन विचारले, "मामा, कार्ड न घेता काही करता येईल का?"

मी अभियंता नव्हे. भाषांतराच्या व्यवसायातला माणूस. परंतु ह्या व्यवसायाने एक सवय लावली आहे. वाक्य अडले म्हणून सबंध परिच्छेद खोडावयाचा नाही. एकेक शब्द मुळाशी ताडून पाहावयाचा. मी त्याला एवढेच विचारले, "सिम्युलेटर ठेवला आहेस कोठे?"

संगणकाच्या आतील डिस्क, जिला विंडोज 'सी' हे अक्षर देते, ती २५६ गिगाबाइटची आणि जवळजवळ भरलेली होती. म्हणून त्याने सिम्युलेटर तारेने बाहेरून जोडावयाच्या एका जुन्या हार्ड डिस्कवर ठेवला होता. त्याच डिस्कवर घराची बारा वर्षांची छायाचित्रे होती. आमच्या आईची अखेरच्या दिवाळीतलीसुद्धा.

सिम्युलेटर कोठे ठेवला आहे, ह्याला इतके महत्त्व का, हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. ब्रूस आर्टविक ह्यांनी १९७९ साली अ‍ॅपल-२ संगणकासाठी असा प्रोग्रॅम तयार केला, आणि १९८२ साली मायक्रोसॉफ्टने त्यांच्याच कामावर आधारलेला सिम्युलेटर आयबीएमच्या संगणकासाठी बाजारात आणला. तेव्हा ते सबंध जग एका फ्लॉपीवर मावत असे. २०२० साली आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या आवृत्तीने मात्र १५० गिगाबाइट जागा मागितली. एवढा पसारा संगणकाच्या स्मृतीत एकदम मावत नाही. विमान पुढे जाईल तसतसे विमानतळ, इमारती आणि आवाज डिस्कवरून, व दूरचा भूप्रदेश इंटरनेटवरून, क्षणोक्षणी आणावा लागतो.

आपल्या संगीत नाटकांचे उदाहरण घ्या. प्रवेश बदलला की मागचा पडदाही बदलावयाचा असतो. पडदे रंगमंचाशेजारीच असतील तर प्रेक्षकाला काही कळत नाही. ते दूरच्या कोठीत असतील तर नट क्षणभर ताटकळतात. पण कोठीला कुलूप असेल, किंवा पडदा कुजून हातात तुकडे आले, तर खेळच थांबवावा लागतो. डिस्कचेही तसेच आहे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला एका फेऱ्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. फिरते भाग नसलेली एसएसडी तिच्याहून कितीतरी चपळ असते. परंतु डिस्क नुसती मंद असेल तर विमान अडखळते, सहसा पडत नाही. ते पडते तेव्हा बहुधा मागितलेला मजकूर वाचताच आलेला नसतो, किंवा डिस्क मध्येच दिसेनाशी झालेली असते.

ह्याची नोंद विंडोज स्वतःच ठेवते. 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडावा, त्यातील 'विंडोज लॉग्ज'मध्ये 'सिस्टिम' हा विभाग काढावा, आणि विमान पडले ते मिनिट शोधावे. तेथे 'डिस्क' ह्या नावाने इशारे असतील तर ते वाचावेत. १५३ हा क्रमांक सांगतो की, वाचन-लेखनाचा प्रयत्न पुन्हा करावा लागला. १५७ सांगतो की, डिस्क अकस्मात निघून गेली. आम्ही पाहिले, तर विमान ज्या ज्या मिनिटाला पडले होते, त्या त्या मिनिटाला १५३ क्रमांकाची रांग लागली होती. ग्राफिक्स कार्डाकडे बोट दाखवणारी एकही नोंद नव्हती.

भाच्याला आनंद झाला. मला मात्र धास्ती वाटली. त्याने डिस्क दुरुस्त करणारी 'चेकडिस्क' ही आज्ञा द्यावयास हात उचलला, तो मी थांबविला. वाचकहो, हे लक्षात ठेवावे. डिस्क आजारी असल्याचा संशय आला की दुरुस्ती नंतर. आधी तिच्यावरील जे पुन्हा मिळणार नाही ते दुसरीकडे उतरवून घ्यावे. सिम्युलेटर पुन्हा मिळतो, आईचे छायाचित्र मिळत नाही. त्या रात्री आम्ही छायाचित्रे दुसऱ्या डिस्कवर उतरविली. पहाटेपर्यंत काम चालले. चौदा चित्रे वाचता आली नाहीत. दिवाळीची सारी हाती लागली.

नंतर आम्ही तार बदलून पाहिली; मग हब काढून डिस्क थेट संगणकाला जोडली. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर तेच विमान, तोच मार्ग. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला ते कधीच कळत नाही. इशारे थांबले नाहीत, तेव्हा दोष डिस्कचाच ठरला. मेहुण्यांनी संगणकात बसणारी एक एसएसडी घेतली. तिची किंमत कार्डाच्या किमतीच्या निम्म्याहूनही कमी होती.

प्रत्येक घरी कारण हेच असेल असे नाही. म्हणून जागेशी निगडित असलेली इतर कारणेही सांगतो.

बाहेरची डिस्क काढून पुन्हा जोडली की कधी कधी तिचे अक्षर बदलते. काल 'डी' असलेली आज 'इ' होते, आणि सिम्युलेटर जुन्याच पत्त्यावर हाका मारीत बसतो. विंडोजच्या 'डिस्क मॅनेजमेंट'मधून तिला पूर्वीचे अक्षर परत देता येते.

डिस्कची मांडणी फॅट-३२ पद्धतीची असेल तर तिच्यावर ४ गिगाबाइटची एक फाइलही मावत नाही. अशा कामास एनटीएफएस मांडणीच घ्यावी. मात्र मांडणी बदलण्यासाठी डिस्क फॉरमॅट केली की तिच्यावरचे सारे पुसले जाते, ह्याचा विसर पडू देऊ नये.

२००६ सालचा 'फ्लाइट सिम्युलेटर एक्स' अजूनही कित्येकजण चालवितात. तो 'प्रोग्रॅम फाइल्स' ह्या फोल्डरात ठेवला तर व्हिस्टापासूनच्या सर्व विंडोज तेथे लिहिण्यास मुक्त परवानगी देत नाहीत, आणि वरून जोडलेली विमाने व विमानतळ बिघडतात. त्याला स्वतंत्र, आखूड नावाचा फोल्डर द्यावा.

सिम्युलेटर दुसऱ्या डिस्कवर असला तरी 'सी' भरू देऊ नये. स्मृती अपुरी पडली की विंडोज डिस्कवरील 'पेजफाइल'चा आधार घेते, आणि ती सामान्यतः 'सी'वरच असते. तिला वाढावयास जागा नसेल तर विमान पडते, आणि दोष मात्र भलत्यालाच लागतो.

जागा बदलावयाची म्हणून सारे पुन्हा उतरवून घेण्याचे कारण नाही. १५० गिगाबाइट म्हणजे कित्येक घरी अनेक दिवसांचे इंटरनेट. २०२० च्या आवृत्तीत सिम्युलेटर बंद ठेवून 'ऑफिशिअल' आणि 'कम्युनिटी' हे दोन फोल्डर नव्या डिस्कवर उतरवावेत. मग 'यूझरसीएफजी.ऑप्ट' ह्या फाइलीची एक प्रत राखून तिच्या शेवटच्या ओळीत नवा पत्ता लिहावा. नव्या जागी विमान नीट उडाल्यावरच जुने फोल्डर पुसावेत.

भाच्याने तसेच केले आणि दुसऱ्या दिवशी इंदूरहून पुण्यापर्यंत सलग उड्डाण केले. मेहुणे मागे उभे राहून शेवटपर्यंत पाहत होते. बहीण शेजारच्या खोलीत दिवाळीची चित्रे पुन्हा पाहत होती. विमान पडले नसते तर ती डिस्क आणखी काही महिने कोणी तपासली नसती, आणि मग वाचविण्यासारखे फारसे उरले नसते.

आपल्या घरी विमान पडत असेल तर आधी पैशाची पिशवी उघडू नका, नोंदवही उघडा. आणि पडत नसेल, तरी घरातल्या छायाचित्रांची दुसरी प्रत आजच करून ठेवा.