गुन्हेशास्त्राचा पहिला तास

पुण्यातल्या लिबरल आर्ट्स कॉलेजात समाजशास्त्राबरोबर गुन्हेशास्त्र घेतलं, तेव्हा पहिल्या तासाला लोम्ब्रोसो भेटला. कवटी-जबड्यावरून जन्मजात गुन्हेगार ओळखू पाहणारं त्याचं पुस्तक १८७६चं. सगळा वर्ग हसला. मीही.

पण त्याच्या पाच वर्षं आधी, १८७१ साली, इंग्रज सरकारने इथे अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवणारा कायदा केला होता. कवट्या मोजायची गरजच नव्हती; जमातीचं नाव पुरे. पुढे तो मुंबई इलाख्यातही आला, सोलापुरात सेटलमेंट उभी राहिली. आमच्या अभ्यासक्रमात त्याला एक ओळ. लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'ला तीही नाही.

१९५२ साली तो कायदा गेला, त्याच्या जागी 'सराईत गुन्हेगार' कायदे आले. आजही चोरी झाली की संशय आधी पारध्यांच्या पालावर जातो. तुरुंगात जातीवरून कामं वाटणं घटनाबाह्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगायला २०२४ उजाडलं.

आमच्या वर्गात पालावरून आलेलं कुणी नव्हतं. असतं, तर त्या दिवशी ते हसलं असतं? गुन्हेशास्त्राचा पहिला तास इटलीपासून नको, १८७१पासून सुरू करा. मग बघू, कोण हसतं ते.