क्षुल्लक मानलेली दुखणी

१९४१ च्या फेब्रुवारीत ऑक्सफर्डच्या रुग्णालयात एक पोलीस शिपाई मरणाच्या दारात पडून होता. दुखण्याचा प्रारंभ चेहऱ्यावरील एका साध्या जखमेपासून झाला होता. तीत जंतू शिरले, जागोजागी पू झाला, एक डोळा गेला. पेनिसिलिन टोचून घेणाऱ्या अगदी पहिल्या रुग्णांपैकी तो एक. त्या औषधाने त्याचा ताप उतरला, तो जेवू लागला. परंतु डॉक्टरांपाशी होता तेवढा साठा अवघ्या काही दिवसांत संपला. त्याच्या लघवीतून औषध वेगळे काढून ते पुन्हा टोचण्याचा खटाटोपही झाला. अखेर मार्चमध्ये तो दगावला. कातडीवरच्या जखमेने धडधाकट माणसाचा प्राण घ्यावा, असा तो काळ होता.

तो काळ मागे पडला. आपल्या पिंपरीतही १९५५ पासून पेनिसिलिन तयार होऊ लागले. आज जंतुनाशक मलमाची नळी गल्लीतल्या औषधाच्या दुकानात मिळते. आणि तरीही गळू, धावरे, नागीण यांसारख्या दुखण्यांपायी माणसे आठवडेच्या आठवडे हाल सोसतात, क्वचित प्राणासही मुकतात. याचे कारण औषधांच्या अभावात नसून ती कशी वापरावीत याविषयीच्या आपल्या बेफिकिरीत आहे, हे स्पष्टपणे सांगण्याची वेळ आली आहे.

मुळात एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. त्वचेचे काही रोग जिवाणूंमुळे होतात, काही विषाणूंमुळे. लहान मुलांच्या नाकातोंडाभोवती येणारे, मधासारखी पिवळी खपली धरणारे फोड, केसतूड, गळू आणि पायावर लाल, गरम सूज पसरवणारे धावरे ही जिवाणूंची करणी. कांजिण्या, नागीण, चामखीळ ही विषाणूंची. पहिल्या गटावर प्रतिजैविके गुणकारी ठरतात. दुसऱ्या गटातील विषाणूंवर त्यांचा काडीचाही परिणाम होत नाही. एवढी साधी गोष्ट सुशिक्षित घरांतही ठाऊक नसते.

मुलांच्या फोडांचेच पाहा. ते थोडे असतील तर जागा स्वच्छ धुऊन डॉक्टरांनी दिलेले जंतुनाशक मलम काही दिवस लावल्याने बरे होतात. अधिक पसरले तर पोटात औषध घ्यावे लागते. पण ‘उन्हाळ्याचे फोड’ म्हणून दुर्लक्ष केले, तर टॉवेल व हाताच्या स्पर्शाने ते वर्गभर पसरतात, आणि काही मुलांच्या मूत्रपिंडाला पुढे दोन-तीन आठवड्यांनी सूज येते. गळवाची गोष्ट निराळी. लहान गळू गरम पाण्याच्या शेकाने फुटून निचरते. मोठ्याला डॉक्टरांकडून चीर देऊन पू काढणे हाच खरा उपाय, नुसत्या गोळ्या तेथे अपुऱ्या पडतात. ते पिळण्याचा मोह मात्र जीवघेणा ठरू शकतो, विशेषतः नाक व वरच्या ओठाभोवती, कारण तेथील रक्तवाहिन्यांचा संबंध थेट मेंदूपर्यंत पोहोचतो. ज्याला वारंवार गळवे होतात, त्याने रक्तातील साखर तपासून घ्यावी. धावऱ्याचे जंतू पुष्कळदा पावसाळ्यातील चिखल्यांच्या भेगांतूनच आत शिरतात. तेव्हा बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवणे ही क्षुद्र बाब नव्हे.

नागिणीबाबत तर अज्ञानाची कमाल आहे. तिचे तोंड आणि शेपूट जुळले की रोगी दगावतो, ही समजूत अजून जिवंत आहे. मंत्र घालणे, गेरू लावणे चालूच आहे. वस्तुतः लहानपणी होऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो आणि शक्ती खालावली की त्याच मज्जातंतूच्या वाटेने अंगाच्या एका बाजूस उमटतो. सामान्यतः तो शरीराची मध्यरेषा ओलांडत नाही. मग वेढा पुरा होणार कसा? यावर अ‍ॅसायक्लोव्हिरसारखी औषधे आहेत. पण पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत ती सुरू केली तरच त्यांचा पुरता लाभ मिळतो. नेमके हेच तीन दिवस आपण मांत्रिकाच्या दारात घालवतो, आणि वृद्ध रोग्यास मागे उरणाऱ्या वेदना महिनोन्‌महिने छळतात. डोळ्याजवळ नागीण उठली तर दृष्टीच पणाला लागते.

या जुन्या अज्ञानाला आता नव्याची जोड मिळाली आहे. खाज सुटली, लाली दिसली, की दुकानदाराकडून स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र कालवलेले मलम आणायचे, ही रीत सर्रास झाली आहे. स्टेरॉइडने लाली ओसरते, खाज थांबते, रोगी समाधान पावतो; आत मात्र त्वचेची प्रतिकारशक्ती दबते आणि जंतूंना रान मोकळे मिळते. दीर्घ वापराने कातडी पातळ होते. केंद्र सरकारने २०१८ साली अशा अनेक मलमांच्या विनाचिठ्ठी विक्रीस अटकाव केला. पण कायदा कागदावर असणे वेगळे आणि दुकानाच्या फळीपर्यंत पोहोचणे वेगळे.

प्रतिजैविकांचे अपुरे डोस घेतल्यास जंतू निर्ढावतील, असा इशारा खुद्द अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पुरस्कार स्वीकारताना दिला होता. १९५९ मध्ये मेथिसिलिन आले, आणि १९६१ मध्ये त्याला न जुमानणारे जंतू इंग्लंडमध्ये आढळलेही. तेव्हा दोन गोळ्यांनी बरे वाटले म्हणून उरलेल्या कपाटात ठेवणे आणि पुढच्या वेळी शेजाऱ्याला देणे, हा परोपकार नव्हे. डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस, तितकेच औषध घेणे हे सामाजिक कर्तव्य आहे.

देवीला नवस बोलणाऱ्या याच देशाने लसीच्या बळावर १९७७ साली देवीच्या रोगापासून मुक्ततेची घोषणा अनुभवली. ते कार्य केवळ डॉक्टरांचे नव्हते; घरोघर जाणाऱ्या आरोग्यसेवकांचे व समजावून सांगणाऱ्या शिक्षकांचेही होते. आज तेवढ्या मोठ्या मोहिमेची गरज नाही. फोड आलेल्या मुलाला शिक्षकाने न हिणवता डॉक्टरांकडे पाठवावे, कचेरीतील सहकाऱ्याने मलमाचे नाव सुचवण्याऐवजी दवाखान्याची वाट दाखवावी, आणि शासनाने आपलाच नियम दुकानांतून पाळला जातो की नाही हे पाहावे. ऑक्सफर्डच्या त्या शिपायासाठी औषध उरले नव्हते. आपल्यासाठी ते उरावे की नाही, हे आपल्याच वागण्यावर अवलंबून आहे.