आधी मागचं बकल वर काढा

नाशिकमध्ये गाडी घेतली की सल्ला मागायला कुठे जावं लागत नाही, सल्ला चालत घरी येतो. नवश्या गणपतीला पूजा करून गाडी सोसायटीत आणायची, पार्किंगमध्ये हँडब्रेक ओढायचा, तोवर खालच्या मजल्यावरचे काका हजर. पहिला प्रश्न ठरलेला: ॲव्हरेज किती देते? मग रांगेने बाकीचे येतात. सीएनजी का नाही घेतली? टायरमध्ये नायट्रोजनच भर. अंडरकोटिंग केलंस का? सर्व्हिसिंग शोरूमलाच कर, रिसेलला बरं पडतं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. तीन वर्षांपूर्वी एक सेकंडहँड हॅचबॅक घेतली. तेव्हापासून मिळालेले सल्ले मोजायचे तर एक्सेल शीट लागेल. काही खरंच उपयोगी होते. पण त्या सगळ्यांत एक गोष्ट समान होती. गाडीचं इंजिन, रंग, टायर, बॅटरी, किंमत, सगळ्याची काळजी त्यात होती. गाडीत बसणाऱ्या माणसाची नव्हती. माझं भांडण त्याच्याशीच आहे. आपण एकमेकांना गाडी जपायला शिकवतो आणि माणसांच्या बाबतीत ‘काही होत नाही रे’ म्हणून मोकळे होतो.

नुसतं मोकळे होतो असंही नाही. माणूस जपण्यासाठी गाडीत जे दिलेलं आहे, ते बंद कसं पाडायचं याचाही सल्ला देतो. माझ्या गाडीच्या आधीच्या मालकाने चावीसोबत मला एक छोटी वस्तू दिली. “हे पण ठेवा, कामाला येतं.” बेल्टची नुसतीच जीभ. पट्टा नाही, काही नाही. ती बकलमध्ये खोचली की गाडीला वाटतं बेल्ट लागला, आणि पीं-पीं थांबतं.

ते पीं-पीं फुकट आलेलं नाही. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना पुढच्या दोन्ही सीटसाठी बेल्टची आठवण करून देणारा अलार्म बंधनकारक झाला. नियम झाला आणि आपण त्यावरचा उताराही शोधून काढला. ही क्लिप ऑनलाइन इतकी विकली जात होती की मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पाच मोठ्या ई-कॉमर्स कंपन्यांविरुद्ध आदेश काढावे लागले, आणि सुमारे १३,११८ लिस्टिंग काढून टाकल्या गेल्या. त्याच वेळी सरकारने आकडाही दिला होता: २०२१ या एका वर्षात बेल्ट न लावलेले १६ हजारांहून जास्त लोक रस्त्यावर मेले. त्यात ८,४३८ चालक होते, ७,९५९ प्रवासी. म्हणजे जवळजवळ निम्मे लोक स्टिअरिंगवर नव्हतेच.

आमच्या धंद्यात सर्व्हरचा अलर्ट रात्री दोन वाजता वाजायला लागला की तो म्यूट करून झोपणारा एक तरी जण टीममध्ये असतो. त्याला सगळे हसतात. मीही हसायचो. आणि सकाळी तीच क्लिप खोचून ऑफिसला जायचो. हे मी आठ-नऊ महिने केलं. त्यामुळे पुढचं जे काही लिहितोय ते कुठल्या उंचीवरून लिहीत नाहीये.

एका रविवारी आम्ही ठाण्याला मावशीकडे निघालो होतो. पाथर्डी फाटा, विल्होळी मागे पडलं. वाडीवऱ्ह्याच्या पुढे राँग साइडने एक बाइक समोर आली. माझा वेग साठ-पासष्ट. मी जोरात ब्रेक मारला. गाडी थांबली, बाइकवाला निघून गेला, कुठे काही आदळलं नाही, गाडीला ओरखडाही नाही. फक्त मागे बसलेली आई पुढच्या सीटवर तोंडावर आपटली होती. ओठ फाटला, एक दात हलला. मी मागे वळलो तर ती पदराने तोंड दाबून सीटकडे बघत होती. म्हणाली, “अरे, कव्हरला रक्त लागलं बघ. रुमाल ओला करून दे, लगेच पुसलं तर निघेल.”

तिला बेल्ट लावावा म्हणून मी बकल शोधायला लागलो. सापडेना. सीट कव्हर बसवताना मागची सगळी बकलं कव्हरखाली दाबून टाकली होती. पुढच्या आठवड्यात त्या दुकानात जाऊन विचारलं. दुकानदार शांतपणे म्हणाला, “मागे कोण लावतं? टोचतात म्हणून गिऱ्हाईकच आत टाकायला सांगतं.” त्याचं खोटं नव्हतं. ज्या मित्राने मला ते दुकान सुचवलं, त्याच्याही गाडीत मागची बकलं आतच होती. त्याला माहीतही नव्हतं.

आता थोडा हिशोब. साठच्या वेगाने जाणारी गाडी एकदम थांबणं आणि सुमारे चौदा मीटरवरून खाली पडणं, दोन्हींत शरीराचा वेग सारखाच असतो. चौदा मीटर म्हणजे साधारण चौथा मजला. चौथ्या मजल्याच्या गॅलरीला ग्रील नसेल तर आपण पोराला तिकडे फिरकू देत नाही. तेच पोर गाडीत दोन सीटच्या मधे उभं राहून समोरची काच बघत असतं, आणि आपण कौतुकाने व्हिडिओ काढतो.

मांडीवर घेतलं की सुरक्षित, असं वाटतं. पन्नासच्या वेगात धडक झाली आणि गाडीचा पुढचा भाग ६० सेंटिमीटर चेपला असं धरा. दहा किलोचं बाळ तेवढ्या वेळात हातात धरून ठेवायला दीडशे किलोहून जास्त वजन पेलण्याइतकी ताकद लागते. कुठल्याही आईच्या, कुठल्याही पैलवानाच्या हातात ती नसते. बाळाला घेऊन पुढच्या सीटवर बसणं तर त्याहून वाईट, कारण एअरबॅग उघडते ती त्याच्या अंगावर. कायद्याने १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर हजार रुपये दंड आहे. चाइल्ड सीट महाग पडते, हे खरं आहे. पण म्युझिक सिस्टीम, सनफिल्म आणि अलॉय व्हील यांचं बिल भरून झाल्यावर ती महाग पडते, हेही खरं आहे.

मागच्या सीटवर काही होत नाही, हा आपला सगळ्यात लाडका गैरसमज. त्याची किंमत महाराष्ट्राने फार मोठी दिली आहे. ३ जून २०१४ ला दिल्लीत गोपीनाथ मुंडे गेले. केंद्रीय मंत्री होऊन जेमतेम आठवडा झाला होता. गाडीत मागे बसले होते, बेल्ट नव्हता. मागचा बेल्ट केवळ शोभेचा असतो या समजुतीने आपला मित्र गेला, अशा अर्थाचं तेव्हाचे आरोग्यमंत्री हर्षवर्धन बोलले होते. आपण मात्र घातपाताच्या शंकेवर बोलत राहिलो. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले. गाडीत चौघे होते. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागचे दोघे गेले. मागच्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते, असं पोलिसांच्या प्राथमिक तपासात आलं. गाडी मर्सिडीज होती. त्याहून महागडा सल्ला कुणाला हवा आहे?

मागे बसणारा फक्त स्वतःचा जीव टांगणीला लावतो असंही नाही. जपानमधल्या अपघातांचा अभ्यास २००२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. मागचे लोक बिनबेल्टचे असतील तर पुढे बेल्ट लावून बसलेल्यांच्या मृत्यूचा धोका सुमारे पाचपट होतो, असं त्यात दिसलं. मागचा सत्तर किलोचा माणूस पुढच्याच्या पाठीवर जाऊन आदळतो, दुसरं काय होणार.

हल्ली एक नवा सल्ला आलाय: फाइव्ह स्टार गाडी घे, मग टेन्शन नाही. हा सल्ला अर्धा चांगला आहे. ‘भारत एनकॅप’ १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालं, लोक स्टार विचारायला लागले, ही मोठीच गोष्ट आहे. आपल्या नाशिकच्या कारखान्यात बनणाऱ्या महिंद्राच्या एक्सयूव्ही ३एक्सओला पाच स्टार मिळाले तेव्हा मलाही बरं वाटलं. पण ते स्टार कुणाला मिळतात ते पाहा. ताशी ६४ किलोमीटरने गाडी अडथळ्यावर आपटतात. आतल्या पुतळ्यांना बेल्ट लावलेले असतात. मागे दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलाचे पुतळे असतात, तेही चाइल्ड सीटमध्ये. पाच स्टार त्या पुतळ्यांचे आहेत. बेल्ट न लावता बसलेल्या आपल्याला किती स्टार, याची चाचणी कुणी घेत नाही.

एअरबॅगचंही तेच. अनेक गाड्यांत स्टिअरिंगजवळ ‘एसआरएस’ अशी अक्षरं असतात. त्यातल्या पहिल्या अक्षराचा अर्थ पूरक. पूरक कशाला, तर बेल्टला. बेल्ट नसेल तर अंग पुढे फेकलं जातं आणि फुगत असलेल्या बॅगेवरच आदळतं. सीटच्या कडेला एअरबॅग असलेल्या गाडीला आपण जाड लेदरचं कव्हर चढवतो, ती उघडायची वाट बंद करतो आणि पाहुण्यांना सांगतो, सहा एअरबॅगची गाडी आहे.

यावरची उत्तरं मला पाठ आहेत. पहिलं, “गाडीने पेट घेतला तर बेल्टमुळे अडकशील.” आग लागणाऱ्या धडका फार थोड्या, आणि तेव्हाही दार उघडायला शुद्धीवर असावं लागतं. शुद्धीवर ठेवतो बेल्टच. दुसरं, “इथल्या इथे तर जायचंय.” कॉलेज रोडवरही चाळीसचा वेग असतोच. तिसरं जरा वजनदार आहे: “आधी रस्ते नीट करा. नाशिक-मुंबई महामार्गावरचे खड्डे, राँग साइडची वाहतूक, उभे ट्रक, याला जबाबदार सरकार, आणि तुम्ही दोष देता प्रवाशाला.” हे मला पूर्ण मान्य आहे. रस्त्यासाठी भांडलंच पाहिजे, टोल भरणाऱ्याचा तो हक्कच आहे. पण खड्डा बुजायला किती पावसाळे लागतात ते आपल्याला माहीत आहे. तोपर्यंत आईला कशाच्या भरवशावर मागे बसवायचं? बेल्टचे पैसे गाडीच्या किमतीत आधीच भरून झालेत.

खरी अडचण कुणी बोलून दाखवत नाही. आपल्याकडे बेल्ट लावणं म्हणजे चालवणाऱ्यावर अविश्वास. मामांना म्हटलं, मागे बेल्ट लावा, तर ते म्हणाले, “का रे, तुझ्या हातात गाडी नीट नाही का?” आणि देवदर्शनाला निघताना अपघाताचं नाव काढलं की “शुभ बोल ना” असं ऐकावं लागतं. लिंबू-मिरची बांधताना मात्र आपण अपघाताचाच विचार करत असतो. फरक एवढाच की लिंबू-मिरचीने कुणाचा अपमान होत नाही. मोठ्यांचा अपमान नको म्हणून गप्प बसायची आपली सवय इथे जिवावर बेतते. त्यावर मला एकच उपाय सापडला: सगळ्यांचे बेल्ट लागल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही. दोनदा वाद होतो. तिसऱ्यांदा लोक आपणहून लावतात, कारण उशीर कुणालाच नको असतो.

तीन-पॉइंट बेल्ट व्होल्वोचे इंजिनिअर निल्स बोहलिन यांनी १९५९ मध्ये आणला. कंपनीने ते पेटंट इतरांनाही खुलं केलं. आज आम्ही ज्याला ओपन सोर्स म्हणतो, ते या माणसांनी लोखंड आणि पट्ट्यात करून ठेवलं. आणि तो पट्टा आपण सीट कव्हरखाली पुरतो.

म्हणून मी सल्ल्यांची यादी बदलली आहे. ॲव्हरेज सांगा, सर्व्हिसिंग कुठे बरं होतं तेही सांगा, काही हरकत नाही. पण ते दुसऱ्या नंबरवर. गेल्या महिन्यात खालच्या काकांनी नवी गाडी घेतली. या वेळी पेढा खायला मीच खाली गेलो आणि ते ॲव्हरेज सांगायच्या आत विचारलं, “काका, मागची बकलं वर आहेत का?”

“आहेत ना,” ते म्हणाले. मग जरा थांबून, “असतील.”

आम्ही मागचं दार उघडलं. कव्हर कोरं होतं, बेल्टची बकलं कुठेच दिसत नव्हती. काकांनी कोपऱ्यातून कव्हर उचललं, मी आत हात घातला. तिन्ही बाहेर काढायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.