एकशे ऐंशी व्होल्टांची आडत

नगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, तीन पिढ्यांची धान्याची आडत असलेल्या घरात, माडीवरच्या खोलीत गेल्या दिवाळीपासून एक घड्याळ आकाराला येत होते. अभियांत्रिकी पदविकेच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या नातवाने त्यासाठी सहा काचनळ्या मागविल्या होत्या. सोव्हिएत काळात घडविलेल्या आणि पुढे न वापरता गोदामात पडून राहिलेल्या या नळ्यांवर आयएन-१४ असा शिक्का होता. या जातीला निक्सी नळी म्हणतात. अमेरिकेतील बरोज कंपनीने १९५५ च्या सुमारास ती बाजारात आणली. पुढील काही वर्षे मोजमापाची यंत्रे आणि गणनयंत्रे तिच्या केशरी आकड्यांनी उजळत होती. मग स्वस्त एलईडी आले आणि तिचे दिवस सरले.

नळीची रचना साधी आहे. शून्यापासून नऊपर्यंतचे दहा आकडे बारीक धातूत घडवून एकामागे एक बसविलेले असतात. जवळ धातूची नाजूक जाळी आणि भोवती अल्प दाबाचा निऑन वायू. ज्या आकड्यातून प्रवाह जातो, त्याच्या अंगालगतचा वायू केशरी प्रकाशतो. जुन्या दिव्यासारखी तार त्यात तापत नाही. मात्र ही नळी पेटविण्यास सुमारे १७० व्होल्ट लागतात आणि खरी अडचण येथेच सुरू होते. घड्याळाचा हिशेब ठेवणारी चिप पाच व्होल्टांवर चालते. एकाच पेटीत पाच आणि १७० शेजारी नांदवायचे!

एके संध्याकाळी चौविहार करून आजोबा माडीवर आले, तेव्हा नातू भिंतीतल्या प्लगमधून दोन तारा ओढून तयारीत बसला होता.

“दादाजी, नळीला १७० पाहिजेत, भिंतीत २३० आयतेच आहेत. चार डायोड, एक कपॅसिटर, की झाले काम.”

आजोबांना विजेतले फारसे कळत नव्हते. परंतु साठ वर्षे व्यवहार केलेल्या माणसाला मध्यस्थाविना झालेल्या सौद्याची भीती कळते. त्यांनी एवढेच विचारले, “वेळ लावायला तू ते बटण दाबशील, तेव्हा तुझे बोट आणि रस्त्यावरचा खांब, यांच्यामध्ये कोण उभा असेल?”

नातवाकडे उत्तर नव्हते. कारण खरे उत्तर ‘कोणीही नाही’ हेच होते. घरातील २३० व्होल्ट डायोडने सरळ करून कपॅसिटरमध्ये साठविले की ते ३२५ च्या घरात जातात, आणि त्याहून वाईट म्हणजे घड्याळातील प्रत्येक तार, प्रत्येक बटण थेट विजेच्या लाइनीला बांधले जाते. ज्या घरात दोन वर्षांची पणती टेबलावर चढते, तेथे असे घड्याळ ठेवणे धाडस नव्हे, अविचार आहे.

तारा त्याच रात्री गुंडाळल्या गेल्या. दुसरा मार्ग लांबचा पण सुरक्षित. चांगल्या प्रतीचा १२ व्होल्टांचा अडॅप्टर घ्यायचा. त्याच्या आतील छोटा ट्रान्सफॉर्मर घराच्या लाइनीला बाहेरच अडवितो. मग त्या बाराचे १८० करायचे. हे ऐकून आजोबा हसले. बाराचे एकशे ऐंशी करून देणारा जो कोणी भेटतो, त्याचा कागद आधी तपासावा लागतो.

नातवाने कागद काढला. व्होल्ट हा भाव आणि अँपिअर हा माल धरला, तर वॉट ही झाली एकूण रक्कम. एका नळीला अडीच मिलिअँपिअर लागतात, सहा नळ्यांना पंधरा. १८० च्या भावाने रक्कम झाली २.७ वॉट. ही रक्कम कोणी वाढवून देत नाही. भाव पंधरापट चढवायचा तर माल पंधरापट जास्त घालावा लागतो, वर मध्यस्थाची आडत. येथे ती सुमारे वीस टक्के, उष्णतेच्या रूपाने. म्हणजे बारा व्होल्टांच्या बाजूने साधारण २८० मिलिअँपिअर, सुमारे ३.४ वॉट. घरातला नऊ वॉटचा एलईडी बल्ब याच्या अडीचपटीहून जास्त वीज खातो. आजोबांनी आकडे तोंडी पडताळले आणि मान हलविली.

हा मध्यस्थ म्हणजे तांब्याच्या तारेचे एक वेटोळे, एक वेगवान इलेक्ट्रॉनिक खटका, एक डायोड आणि एक कपॅसिटर. खटका बंद असतो तोवर वेटोळ्यात ऊर्जा साठते. तो उघडताच ती उसळून डायोडमार्गे कपॅसिटरमध्ये जाते. सेकंदाला हजारो वेळा हे चालते. पहिल्या प्रयत्नात डायोडच भाजून निघाला. नातवाने १००० व्होल्ट सोसणारा नेहमीचा १एन४००७ लावला होता. ताकद भरपूर, पण चाल मंद. दार लावायला उशीर करणारा. जमा झालेला माल तेवढ्यात मागच्या मागे निघून जाई. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या बाजारातून त्याच ताकदीचा जलद डायोड आणल्यावर यंत्र ताळ्यावर आले.

प्रत्येक नळीच्या वाटेत एक रोधही हवा, आणि यात कसूर चालत नाही. नळी एकदा पेटली की तिला सुमारे १४० व्होल्ट पुरतात आणि पुढे ती मिळेल तेवढा प्रवाह ओढू लागते. मर्यादा न घातलेले कॅश क्रेडिट खाते जसे आधी खातेदाराला बुडविते, तशी ती स्वतःच जळते. १८० मधून १४० वजा, उरले ४०. त्यांना अडीच मिलिअँपिअरने भागले की १६ किलोओहम. प्रत्येक नळीची मर्यादा तिच्यापुरती स्वतंत्र असलेलीच बरी.

एवढे झाल्यावर आकडे लागले. घर जमा झाले, छायाचित्रे निघाली. नातवाने अडॅप्टर काढला, नळ्या विझल्या आणि त्याने पेटीत हात घालण्यासाठी पुढे केला. आजोबांनी मनगट धरले. “मीटर लाव आधी.”

मीटरवर शंभराच्या पुढचा आकडा होता. नळीचा स्वभावच तसा: व्होल्ट ठरावीक पातळीखाली उतरले की ती विझते आणि प्रवाह घेणेही थांबविते. उरलेली शिल्लक कपॅसिटरमध्ये तशीच पडून राहते. अंधार झाला म्हणजे खाते मिटले, असे येथे नाही. हा दोष घरी घड्याळ करणाऱ्यांच्या ध्यानात सहसा झटका बसल्यावर येतो. उपाय किरकोळ आहे: कपॅसिटरला समांतर एक मेगाओहमचा रोध. ४.७ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधील १८० व्होल्ट त्यामुळे सहा-सात सेकंदांत पन्नासाच्या खाली येतात, आणि एरवी तो जी वीज खातो ती हिशेबातही धरण्याजोगी नसते.

घड्याळ आता पेढीवर, गल्ल्यामागच्या फळीवर आहे. त्यात सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी नवकारसीची वेळ दाखविण्याची सोयही नातवाने केली. सामायिकासाठी मात्र आजोबा आपली जुनी वाळूची घडीच घेतात. त्या दोन घटिकांत विजेचा उजेड जवळ नको, हा त्यांचा नेम. नातवाने त्यावर वाद घातला नाही.

दर महिन्याला धूळ पुसण्यासाठी पेटी उघडते. अडॅप्टर निघतो, मीटरच्या काड्या टेकतात आणि नातू आकडे मोठ्याने वाचतो: ऐंशी, चाळीस, बारा, तीन. आजोबा खातेवहीतून मान वर न करता ऐकत असतात. “हं,” म्हणाले की झाकण उघडते.