माढ्याचं पाणी
माढा लोकसभा मतदारसंघ २००९ च्या निवडणुकीत पहिल्यांदा नकाशावर आला आणि बारामती लेकीकडे सोपवून आलेल्या शरद पवारांना दिल्लीला धाडून मोकळा झाला. त्यातले करमाळा, माढा, सांगोला, माळशिरस हे विधानसभा मतदारसंघ सोलापूरचे. फलटण, माण साताऱ्याचे. जिल्हे दोन, भांडण एकच : पाण्याचं. उजनी धरणाकाठी ऊस डोलतो, माण टँकरची वाट बघतो. म्हणून इथल्या सभेत पक्षाआधी कालव्याचं नाव निघतं. पवारांनंतर खासदार झाले ते २०१४ ला अकलूजचे विजयसिंह मोहिते पाटील, २०१९ ला फलटणचे रणजितसिंह नाईक निंबाळकर, २०२४ ला पुन्हा अकलूज, धैर्यशील मोहिते पाटील. चार निवडणुकांत एकाही खासदाराला माढ्याने दुसऱ्यांदा पाठवलेलं नाही.