आधी वाटणी, मग मांडणी

अंकगणिताच्या चार मूलभूत क्रियांपैकी बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार या तिन्ही उजवीकडच्या एककापासून आरंभ करून डावीकडे सरकतात आणि एकटा भागाकार तेवढा डावीकडच्या सर्वांत मोठ्या स्थानापासून निघून उजवीकडे उतरत जातो, ही गोष्ट तिसरी-चौथीतल्या मुलाला वहीवर रोज दिसत असते; परंतु असे का, या त्याच्या प्रश्नाला वर्गात सहसा जे उत्तर मिळते ते 'भागाकार असाच करायचा असतो' एवढेच असते. भाग लावा, गुणा, वजा करा, वरचा अंक खाली घ्या आणि पुन्हा भाग लावा, अशा हुकमांच्या उजळणीवर ते मूल पाचवीपर्यंत कसेबसे निभावून नेते, आणि ज्या दिवशी त्यातला एखादा हुकूम विस्मरणात जातो त्या दिवशी अडलेले गणित पुढे ढकलण्यासाठी त्याच्यापाशी स्वतःचे असे काहीही उरत नाही.

याचा परिणाम आकड्यांत पाहावयाचा असेल तर 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून ग्रामीण भारतात घरोघर जाऊन होत असलेल्या 'असर' पाहणीकडे वळावे. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे ही या पाहणीतल्या अंकगणिताची सर्वांत वरची पायरी, आणि ती ओलांडू शकणारी पाचवीतली मुले २०२२ मध्ये शेकडा २५.६ तर २०२४ मध्ये शेकडा ३०.७ होती, आठवीच्या मुलांतही हे प्रमाण २०२४ मध्ये शेकडा ४५.८ च्या पुढे गेले नाही. देशातल्या निम्म्याहून अधिक ग्रामीण मुलांची बुद्धी आठवी इयत्तेपर्यंत एका भागाकारासाठी अपुरी पडते, असे मानण्यास कोणीही समंजस मनुष्य धजावणार नाही. दोष मुलांच्या बुद्धीचा नसून शिकविण्याच्या क्रमाचा आहे: वाटणी हातांनी अनुभवण्यापूर्वीच आपण तिची कागदावरील मांडणी मुलांच्या गळी उतरवू पाहतो.

वस्तुतः आपल्या वसई-विरारच्या पट्ट्यात भागाकाराला सामग्रीची वाण कधीच नव्हती. अर्नाळ्याच्या किंवा पाचूबंदरच्या किनाऱ्यावर मासळीचे वाटे लावणारी कोळीण पाटीतला ऐवज नजरेने जोखून सारख्या ढिगांत मांडते. बोट किनाऱ्याला लागली की मिळकतीतून खर्च वजा होऊन मालकाचा आणि खलाशांचा हिस्सा वहिवाटीप्रमाणे वेगळा काढला जातो. वाडीतून उतरलेल्या केळीच्या घडातल्या फण्या लहानमोठ्या असल्यामुळे डझनाचा हिशेब जुळवताना एका फणीतली केळी दुसरीत मिळवावी लागतात. या घरांतली मुले भागाकाराचे नाव ऐकण्यापूर्वी भागाकार पाहून आलेली असतात. परंतु शाळेच्या उंबरठ्यावर हे सारे ज्ञान बाहेर ठेवावे लागते आणि आत गेल्यावर भाज्य, भाजक व बाकी ही परिभाषा अगदी नव्याने सुरू होते.

समजा, ८४ ला ६ ने भागावयाचे आहे. झाडूच्या काड्यांचे दहा-दहांचे आठ गठ्ठे आणि चार सुट्या काड्या मुलांपुढे ठेवाव्यात, सहा जणांना गोल बसवावे आणि वाटणी सर्वस्वी त्यांच्यावर सोपवावी. कोणीही न सांगता मुले प्रथम गठ्ठे वाटतात, कारण मोठा ऐवज आधी वाटून टाकणे हा सर्वसामान्य व्यवहार आहे. प्रत्येकाला एक गठ्ठा मिळून दोन उरतात, ते सहा जणांत जात नाहीत म्हणून सोडावे लागतात, वीस काड्यांत चार सुट्या मिळून चोवीस होतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला आणखी चार येतात. उत्तर चौदा. भागाकार डावीकडून का सुरू होतो आणि 'वरचा अंक खाली घेणे' म्हणजे प्रत्यक्षात काय करणे, या दोन्ही प्रश्नांचा उलगडा गठ्ठा सुटताना होऊन जातो.

याच रीतीने शिक्षकांच्या परिचयाची एक जुनी चूकही निवारता येते. ६१२ भागिले ६ याचे उत्तर १२ असे लिहिणारी मुले प्रत्येक वर्गात सापडतात, आणि 'मधले शून्य विसरलास' या ताकिदीने ती चूक दुरुस्त होत नाही, कारण शून्य तेथे का असावे हेच त्यांना ठाऊक नसते. सहा शतके वाटून प्रत्येकाला एक दिल्यावर उरलेला एकच दशक सहा जणांत देता येत नाही, म्हणून दशकाच्या घरात कोणाच्याच वाट्याला काही येत नाही. तो दशक सुटा करून दोन एककांत मिळवला म्हणजे बारा होतात आणि प्रत्येकाला दोन मिळतात. ज्याने दशकाचे घर रिकामे राहिलेले स्वतः पाहिले आहे तो १०२ मधले शून्य सहसा गाळत नाही.

भागाकाराला दोन अर्थ आहेत आणि शाळेत त्यांपैकी एकच बहुधा जिवंत राहतो, ही दुसरी अडचण. वीस चिकू चौघांत वाटले तर प्रत्येकाला पाच मिळतात. आणि वीस चिकू चार-चारांच्या पिशव्यांत भरले तर पाच पिशव्या होतात. उत्तर एकच, परंतु कृती निराळी: पहिल्या वेळी माणसे ठाऊक असून वाटा शोधावयाचा आहे, दुसऱ्या वेळी वाटा ठाऊक असून गट मोजावयाचे आहेत. हा भेद म्हणजे निव्वळ पंडिती काथ्याकूट आहे असे ज्यांना वाटेल त्यांनी पुढे सहावी-सातवीत ३ ला १/२ ने भागताना मुलांची होणारी त्रेधा पाहावी. अर्ध्या माणसात तीन वस्तू कशा वाटाव्यात, याची कल्पनाच करवत नाही. मात्र तीन लिटर दुधातून अर्ध्या लिटरची मापे किती भरतील, असे विचारताच दुसरीतले पोरही सहा म्हणून सांगते. ज्याला केवळ वाटणी शिकविली आणि गट करणे शिकविले नाही त्याची वाट अपूर्णांकांपाशी अडते.

भागाकारातल्या बाकीचेही तसेच. वीस माणसांना रिक्षाने विरार स्थानकावर जावयाचे असून एका रिक्षात तिघे बसत असतील तर सात रिक्षा लागतात. वीस रुपयांत तीन रुपयांच्या पेन्सिली सहाच येतात. आणि वीस लाडू तिघांत वाटले तर उरलेल्या दोन लाडवांचे तुकडे करून प्रत्येकाला आणखी दोन तृतीयांश देता येतो. वहीत या तिन्ही ठिकाणी 'भागाकार ६, बाकी २' एवढेच लिहिले जाते. उरलेल्या दोहोंचे पुढे काय करावयाचे याचा निर्णय प्रसंग पाहून घ्यावा लागतो, आणि तो घेण्याची सवय नियम घोकून लागत नाही.

रीतींच्या विविधतेबद्दल आपल्याकडे एक चमत्कारिक संशय आहे. १५६ ला १२ ने भागताना एखाद्या मुलीने आधी दहा बारे एकशेवीस काढून टाकले, उरलेल्या छत्तीसांत तीन बारे पाहिले आणि १३ हे उत्तर दिले, किंवा आधी ३ ने भागून ५२ आणले व मग त्यांना ४ ने भागले, तर उत्तर बरोबर असूनही 'ही पुस्तकातली रीत नव्हे' म्हणून तिच्या वहीवर लाल फुली पडण्याचा संभव असतो. जणू पूर्वजांनी एकच रीत ठरवून दिली होती! चाळीसगावच्या परिसराशी ज्यांच्या घराण्याचा संबंध पाटणच्या शिलालेखाने जोडला जातो त्या भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचलेल्या 'लीलावती'त गुणाकाराच्या अनेक रीती दिल्या आहेत. आणि भागाकाराच्या प्रकरणात भाज्य व भाजक यांना शक्य असेल तेथे समान संख्येने आधी संक्षेप देऊन मग भागावे अशी मोकळीक दिली आहे. १६२० ला १२ ने थेट भागा, दोहोंना ३ ने लहान करून ५४० ला ४ ने भागा, नाहीतर ४ ने लहान करून ४०५ ला ३ ने भागा. तिन्ही वाटा १३५ शीच पोचतात. उलट २०१९ मध्ये दुसरीच्या पाठ्यपुस्तकात 'सत्तावीस' या नावाच्या जोडीला 'वीस सात' हे वाचन येताच केवढे काहूर उठले, हे वाचकांना आठवत असेलच. पाठ्यपुस्तक मंडळाच्या गणित समितीच्या तत्कालीन अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी शांतपणे दिलेली कारणे ऐकून घेण्यापेक्षा थट्टा करण्यातच पुष्कळांना धन्यता वाटली.

आपल्या जिल्ह्याने तरी अशी थट्टा करू नये, कारण हाताने शिकण्याचा वारसा या जिल्ह्याचा स्वतःचा आहे. डहाणू तालुक्यातल्या बोर्डी येथे १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी अनुताई वाघांच्या साहाय्याने ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर ते रुजविले. मॉंटेसरीबाईंच्या पद्धतीत भागाकारासाठी नऊ बाहुल्या आणि एक्याऐंशी मणी यांची फळी असते, दीर्घ भागाकारासाठी मण्यांनी भरलेल्या काचनळ्या असतात. हे साहित्य सुरेख खरे, परंतु वारली पाड्याला न परवडणारे. कोसबाडने त्यातले तत्त्व उचलले आणि साहित्य मात्र शिंपले, बिया, खडे, पाने असे परिसरातून घेतले. मुले शाळेत येईनात तेव्हा पाड्यातल्या अंगणात बालवाडी भरविली आणि गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. साधनांच्या अभावाची सबब पुढे करणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

आधी वस्तू, मग मांडणी या मताविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातात आणि दोहोंत तथ्यांश आहे. पहिला असा की चिंचोक्यांत रमलेले मूल चिंचोक्यांतच राहील. परंतु खाडी ओलांडल्यावर पडाव डोक्यावर घेऊन कोणी चालत नाही. तसे साहित्यही यथाकाल बाजूला सारावयाचे असते, आणि काड्या वाटताना जे जे घडले ते त्याच क्षणी शेजारी अंकांत लिहून घेतले तर ते सहज बाजूला सरतेही. जेथे वस्तू एका तासाला आणि मांडणी दुसऱ्या तासाला असा विच्छेद होतो तेथेच मूल अडकते. दुसरा आक्षेप पाढ्यांविषयीचा. पाढे पाठ नसतील तर कोणतीही रीत पांगळी, हे सर्वथा मान्य केले पाहिजे. पावकी-निमकी-दीडकी तोंडपाठ असणाऱ्या पिढीचा व्यवहार चोख होता तो उगाच नव्हे. मात्र पाढा हे भागाकाराचे हत्यार आहे, आणि हत्यार कशावर चालवावयाचे हे पाढा सांगत नाही. या दोहोंपेक्षा खरा अडथळा कारकुनी स्वरूपाचा आहे: शाळेत आलेली गणिताची पेटी डेडस्टॉक रजिस्टरात नोंदली जाते, एखादा मणी हरवला तर जाब कोणी द्यावयाचा या धास्तीने कपाटात बंद होते, आणि तपासणीच्या दिवशी तिच्यावरची धूळ तेवढी झटकली जाते.

भागाकाराचा हा प्रश्न गुणपत्रिकेपुरता मर्यादित नाही. वसई, भिवंडी, वाडा या तालुक्यांतल्या वीटभट्ट्यांवर आदिवासी कुटुंबे हंगामभर राबतात. मजुरी हजार विटांमागे ठरते, हंगामाच्या आरंभी उचल घेतलेली असते, आठवड्याला खर्ची मिळते आणि शेवटी हिशेब होतो. उचलीची रक्कम हजारी दराने भागली म्हणजे किती हजार विटा पाडल्यावर आपण ऋणमुक्त होऊ हे कळते. ज्याला हा भाग लावता येत नाही त्याला मालकाच्या वहीवर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. उसगावच्या विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवर मजुरांच्या मुलांसाठी भोंगाशाळा चालविल्या, त्या मुलांना अक्षरओळख व्हावी म्हणून जितक्या आवश्यक होत्या तितक्याच त्यांना स्वतःच्या आईबापांचा हिशेब पडताळता यावा म्हणूनही होत्या, असे मला वाटते.

तेव्हा मागणे मोठे नाही. शिक्षण विभागाने हरवलेल्या मण्याची झडती घेणे सोडून न वापरलेल्या पेटीची घ्यावी. तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्याने मुलाला 'उत्तर काय' याच्या जोडीला 'कसे काढलेस' हेही विचारावे, आणि शिक्षकांनी निराळ्या पण बरोबर रीतीवर फुली मारू नये. आईबापांनी शिकवणीवर्गाची फी भरण्यापूर्वी घरातला शेंगांचा किंवा केळ्यांचा वाटा एकदा मुलांच्या हाती सोपवून पाहावा, आणि ती वाटणी करीत असताना मध्ये बोलू नये.